शाळेत रोबोट आणा म्हणे! आणि मुलाने त्याला सांगितलेलं पुढे कोण ऐकणार?

खडू_डस्टर

काल आमच्या डीएडच्या बॅचच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. कुणा संस्थाचालकांची आहे, नाव देत नाही. सार असं की केंब्रिज विद्यापीठवाल्यांनी सिद्ध केलंय मुलं माणसांपेक्षा रोबोटजवळ मन मोकळं करतात, केरळात रोबोट बाई वर्गात आल्यासुद्धा आणि आपण अजून खडू घासतोय, सबब प्रत्येक शाळेत मुलांच्या मनासाठी एक रोबोट हवा. इथवर ठीक होतं. शेवटचं वाक्य डोक्यात गेलं. "शिक्षकाला वेळ नसतो आणि मूडही नसतो, रोबोटला दोन्हीची अडचण नाही." त्याखाली आमच्याच बॅचच्या चार जणांचे अंगठे! म्हणून हे एवढं लिहितोय, ग्रुपवर लिहिलं असतं तर अॅडमिनने काढलं असतं.

आधी केरळ. ती रोबोट बाई म्हणजे आयरिस, २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या बाजूच्या एका शाळेत आली, साडी नेसवलेली, खाली चाकं. प्रश्न विचारला की उत्तर देते. अटल टिंकरिंग लॅब या सरकारी उपक्रमातनं झालेलं काम, मुलांना तंत्रज्ञान कळावं म्हणून. चांगलंच आहे. पण तिचा मुलांच्या मनाशी काय संबंध? साडी नेसवली की मायेची होते का?

आता केंब्रिज. २०२२ चा अभ्यास आहे, मी इंटरनेटवरनं हुडकून वाचला, संस्थाचालकांनी वाचला असेल असं वाटत नाही. मुलं किती? २८. वय ८ ते १३. नाओ नावाचा दोन फुटी रोबोट, एकेका मुलाबरोबर पाऊण तास, गेल्या आठवड्यात काय छान वाटलं, काय वाईट वाटलं असं विचारत बसला. ज्या मुलांचं आतून काहीतरी बिनसलेलं होतं ती प्रश्नांच्या फॉर्मवर किंवा आईबापांनी भरलेल्या फॉर्ममध्ये जेवढी उघडी पडली नव्हती त्याहून जास्त रोबोटसमोर बोलली. हे खरं आहे, नाकारत नाही. पण शेजारच्या खोलीत त्या मुलांचे पालक आणि संशोधक बसून बघत होते हो! आणि हा मानसोपचारवाल्यांना पर्याय नाही हे त्या संशोधकांनीच सांगून ठेवलंय. ते वाक्य फॉरवर्डमध्ये गळलं. गळायचंच.

माझी दोनशिक्षकी शाळा आहे, माण तालुक्यात. पट ३१. चौथीतली एक पोरगी खिचडी झाली की ताट धुवायला रोज सगळ्यात शेवटी जायची. मला वाटायचं हळू जेवते. एक दिवस मी पण तिथंच डबा धूत होतो, तर माझ्याकडं न बघता, ताट घासत घासत म्हणाली, "गुरुजी, पप्पा रात्री घरी आले की आम्ही आजीकडं जातो." बास. एवढंच. मग पाणी सोडलं आणि गेली. आता हे तिनं मला का सांगितलं? मी विचारलंच नव्हतं. मी तिथं होतो, हातात डबा होता आणि दोघांची तोंडं नळाकडं होती. हा सेन्सर कुठं मिळतो ते सांगा, वर्गणी काढून घेतो.

कोडगा_कोडर

सर, भावना पोचल्या पण लॉजिक गंडलंय. तुमच्याकडे पट ३१ आहे. शहरात एका तुकडीत ६० पोरं, तिथे कुठला नळ आणि कुठला डबा. एका चांगल्या शिक्षकाची गोष्ट सांगून सगळे शिक्षक असेच असतात हे सिद्ध होत नाही. माझ्या शाळेत मला ऐकणारा एकही माणूस नव्हता, पट्टी मात्र तीन जणांकडे होती. त्या काळात तो दोन फुटी खेळण्यातला बाहुला जरी कोपऱ्यात उभा असता ना तरी मी जाऊन बोललो असतो. मशीन जज करत नाही, चिडत नाही, स्टाफरूममध्ये जाऊन चहा पिता पिता तुमची गोष्ट चार जणांना सांगत नाही. हा तिसरा मुद्दा शिक्षक मंडळींना टोचेल. टोचू दे.

पिंपळे_निलखची_आई

स्टाफरूमचा मुद्दा अगदी बरोबर. मी सहसा फक्त वाचते पण आज लिहिते.

माझी मुलगी सहावीत, सीबीएसई शाळा. गेल्या वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी तिला उलटी. डॉक्टर झाले, अॅसिडिटी म्हणाले, सोनोग्राफी झाली, आजींनी दृष्ट काढून झाली. शाळेत विचारलं तर "शी इज अ व्हेरी हॅपी चाइल्ड". मला काही सांगेना, बाबाला सांगेना, जिच्याशी एरवी सगळं बोलते त्या मावशीलाही नाही. आणि मग एकदा टॅब चार्जिंगला लावताना त्यातलं एआय चॅट उघडं होतं. माझ्या मुलीने त्या मशीनला लिहिलं होतं की गणिताचे सर तिला ढब्बू म्हणतात आणि बाकावर उभं करतात आणि सगळा वर्ग हसतो. आणि खाली लिहिलं होतं, प्लीज मम्माला सांगू नको.

तर खडू_डस्टर सर, तुमचा नळ मला आवडला, खोटं नाही बोलत, वाचताना गलबललं. पण माझ्या मुलीच्या बाबतीत दुखणंच शिक्षक होते. ती कुठल्या नळावर गेली असती? म्हणून म्हणते असू दे एक रोबोट शाळेत. माणसांचा अनुभव घेऊन झालाय आमचा.

खडू_डस्टर

ताई, वाचून वाईट वाटलं. असले लोक आमच्या धंद्यात आहेत, नाही कुठं म्हणतोय. पण एक विचारतो, रागावू नका. ते कळलं कुणाला? त्या मशीनला जुलैपासून माहिती असेल. तुम्हाला दिवाळीत कळलं, ते पण टॅब उघडा राहिला म्हणून.

पिंपळे_निलखची_आई

मी चोरून वाचलं याची मला अजून लाज वाटते, त्यावर मीठ चोळायची गरज नव्हती.

करदाता_७५

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. रोबोटला सातवा वेतन आयोग लागत नाही हे खरं दुखणं आहे मास्तर लोकांचं. ऐंशी हजार पगार, दिवाळी सुट्टी, उन्हाळी सुट्टी आणि स्वतःची पोरं मात्र तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला. ज्यांचा स्वतःच्या शाळेवर विश्वास नाही त्यांनी केंब्रिजला शिकवू नये. सर, तुमची मुलं कुठे आहेत ते सांगा आधी.

खडू_डस्टर

माझी दोन्ही पोरं माझ्याच शाळेत शिकली. थोरली आता बारामतीला फार्मसीला आहे. झालं समाधान? आणि ऐंशी हजार कुणाला? शिक्षणसेवक पोरगा तीन वर्षं १६ हजारावर काढतो, ते पण २०२३ मध्ये वाढवले म्हणून, त्याआधी सहा हजार होते. सहा हजारात कोणतं मशीन भाड्यानं येतं बघा.

वेळ नसतो म्हणतात ना पोस्टमध्ये, तर वेळ कुठं जातो सांगतो. यूडायसवर शाळेची माहिती भरा, आधार अपडेट करा, शाळाबाह्य मुलं शोधा, खिचडीचे आकडे रोज अॅपवर टाका, तांदूळ मोजा, आणि बीएलओ. बीएलओ म्हणजे मतदारयाद्यांसाठी दारोदार. सहकारी बीएलओच्या कामावर गेला की चारही वर्ग माझ्या एकट्याकडं. एक वर्ग शिकवायचा, तीन गप्प बसवायचे. मुलांशी कधी बोलू? रोबोट आणायचाच असेल तर बीएलओ करा त्याला!! फिरू दे वाड्यावस्त्यांवर, कुत्री लागतील मागं तेव्हा कळेल.

चहाबिस्कीट

रोबोट बीएलओ 😂😂 मयत मतदार वगळताना घरातली म्हातारी म्हणेल "बस बाळा, चहा घे", तो म्हणेल मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा.

आण्णा_निवृत्त_मुख्याध्यापक

गुरुजी, अशैक्षणिक कामांबद्दल आपल्या भावनांशी सहमत, मात्र तपशील दुरुस्त करतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७ वाचावे. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे त्यात आहेच, परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कर्तव्ये त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे बीएलओविरुद्ध कलम २७ घेऊन गेलात तर निवडणूक हाच शब्द दाखवून परत पाठवतील. मी तीन वेळा गेलो आहे.

खडू_डस्टर

आण्णा, कलम आम्हाला पाठ आहे. पण निवडणूक म्हणजे निवडणुकीच्या वेळचं काम की बारा महिने याद्या? त्याची व्याख्या कुणी सांगंना.

विदर्भाची_तूर

आमच्याकडं तर त्याच मास्तरला बीएलओ, त्यालाच शौचालय सर्वेक्षण, त्यालाच नवसाक्षर मोजाले लावते. वर टीईटी, म्हंजे शिक्षक पात्रता परीक्षा! वीस वर्षं शिकवून झालं अन् आता सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणते निवृत्तीले पाच वर्षांहून जास्त उरली असन तर टीईटी पास व्हा नाहीतर घरी जा. माह्या नवऱ्यानं बावन्नाव्या वर्षी बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलं. रात्री बारा वाजता मले विचारते, पियाजेच्या अवस्था किती होत्या व. अन् तुम्ही म्हणता मूड नसते!

करदाता_७५

बरं झालं. निदान आता तरी बालमानसशास्त्र वाचलं.

विदर्भाची_तूर

तुमच्या घरी कोणी मास्तर असता तर असं बोलले नसते तुम्ही.

करदाता_७५

वडील होते. म्हणूनच बोलतोय. घरी येऊन आमच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांशी बोलून दमायचे म्हणे.

ऐकणारी

बीएलओचा वेगळा धागा काढा ना कुणीतरी प्लीज. मी शालेय समुपदेशक आहे, तीन शाळा करते, प्रत्येकीला दोन दिवस. मला या विषयावर खरंच बोलायचंय आणि मी अर्धी तुमच्या बाजूची अर्धी त्यांच्या.

एका शाळेत माझी खोली म्हणजे पेपरचे गठ्ठे ठेवायची खोली, आजारी मुलाला झोपवायची कॉट पण तिथेच. दार काचेचं. आत मूल बसलं की मधल्या सुट्टीत बाहेर पंधरा डोकी. बाहेर आलं की "काय रे वेडा झाला का". अशा खोलीत माझ्याऐवजी त्या मुलाने रोबोटशी बोलणं पसंत केलं तर मी त्याला दोष देणार नाही. एक आठवीतला मुलगा माझ्याशी सहा सेशन बोलला नाही. माझ्याकडे मोज्याचा केलेला एक हातबाहुला आहे, लहान मुलांसाठी. तेरा वर्षांचा घोडा, मिशी फुटायला आलेली, त्याने तो बाहुला उचलला, त्याच्या बटणाच्या डोळ्याशी चाळा करत बसला आणि बाहुल्याला सांगितलं की घरी कर्जवाले येतात. मी तिथेच, दीड फुटावर. तर मुलं वस्तूंशी बोलतात. ही काही केंब्रिजची नवलाई नाही. स्वमग्न मुलांसाठी तर याचा खरोखर उपयोग होतो, इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाचा कास्पर नावाचा रोबोट कितीतरी वर्षं याच कामासाठी वापरतायत, चेहरा मुद्दाम साधा, कारण माणसाच्या चेहऱ्यावर एका वेळी फार गोष्टी चालू असतात.

पण बाहुल्याच्या आत माझा हात होता. हा फरक आहे.

समजा एका मुलीने रोबोटला सांगितलं की व्हॅनवाले काका घाणेरडं करतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं की ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर कलम २१ प्रमाणे शिक्षा. मला कळलं तर मी बांधील आहे, मुख्याध्यापक बांधील आहेत. रोबोटला कळलं तर नक्की कुणाला कळलं? ते रेकॉर्डिंग कुठल्या सर्व्हरवर पडून राहिलं, कुणी ऐकलंच नाही, तर? मी दोन विक्रेत्यांना हा प्रश्न विचारला. एकाने सांगितलं "मॅडम डॅशबोर्ड आहे". डॅशबोर्ड कोण बघणार विचारलं तर "शाळा ठरवेल". दुसऱ्याने ब्रोशर उलटसुलट केलं.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर सगळ्या शाळांत तक्रारपेट्यांची मोहीम निघाली होती आठवतंय? माझ्या एका शाळेत पेटी जिन्याखाली आहे, सुंदर रंगवलेली, वर फुलपाखरू. किल्ली आधीच्या शिपायाबरोबर गेली. मी कुलूप तोडायला लावलं तर आत सात चिठ्ठ्या निघाल्या. चार चेष्टेच्या होत्या. एक म्हणजे कॅन्टीनचा वडा. दोन खऱ्या होत्या, त्यातली एक लिहिणारी मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती. रोबोट म्हणजे मला बोलणारी तक्रारपेटी वाटते. चांगली असेल. किल्ली कोणाकडे ते सांगा, मग पुढचं बोलू.

कोडगा_कोडर

ओके, हा मुद्दा मान्य. पण हा प्रोसेसचा प्रॉब्लेम आहे, रोबोटचा नाही. अलर्ट लावा, ठरावीक गोष्टी आल्या की समुपदेशकाच्या फोनवर मेसेज. दोन दिवसांचं काम आहे कोडमध्ये.

ऐकणारी

आणि अलर्ट लावला की ते "मशीन कुणाला सांगत नाही" संपलं ना? मुलगा मोकळा होतोय कारण त्याला वाटतंय हे पुढे जाणार नाही. आपण आतून तार जोडलीय. मी पहिल्या भेटीत प्रत्येक मुलाला सांगते की तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील, फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगीन. दहा वर्षांच्या मुलाला हे बरोबर समजतं. रोबोटकडून हे वाक्य वदवा आणि मग बघा किती मुलं बोलतात. कदाचित तरीही बोलतील. तसं झालं तर मी माझे शब्द गिळीन.

बोस्टनचा_बंड्या

इकडचं सांगतो. मॉक्सी म्हणून एक रोबोट होता, पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, किंमत ७९९ डॉलर. भावना ओळखायला शिकवणार, मैत्री करायला शिकवणार वगैरे. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीचे पैसे संपले, त्यांनी जाहीर केलं की क्लाउड बंद होणार, म्हणजे मॉक्सी गप्प होणार. मुलांना ही बातमी कशी सांगायची त्याचं पत्रही कंपनीनेच लिहून दिलं होतं! आईबापांनी रडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ टाकले. नंतर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर चालवायची काहीतरी सोय काढली, पण ती करणारे किती आईबाप असतील. आणि तो केंब्रिजचा नाओ ज्या फ्रेंच कंपनीचा, अल्डेबरान, ती पण २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. शिक्षकाची बदली झाली तर निरोप समारंभ होतो राव, नारळ देतात.

खडू_डस्टर

नारळ 😀 आमच्याकडं पोरं रडून गाडीला आडवी पडतात. मी पण रडलोय.

कोडगा_कोडर

बंड्या, शिक्षक पण मधेच सोडून जातात, बदली होते, मरतात. मुलं त्यातून सावरतातच. हा काय युक्तिवाद.

बोस्टनचा_बंड्या

माणूस जातो तेव्हा माणूस गेला एवढंच असतं. इथे मित्र गेला कारण गुंतवणूकदाराने हात वर केले, हे सहा वर्षांच्या पोराला समजावून दाखव.

ऐकणारी

अजून एक गोष्ट, कोडर दादांसाठी. २०१८ चा प्रयोग आहे, सात ते नऊ वर्षांची ४३ मुलं. पडद्यावर रेघा, कुठली कुठल्या लांबीची ते ओळखायचं, अगदी सोपं. एकटी असताना मुलं बहुतेक बरोबर सांगायची. बाजूला छोटे रोबोट बसवले आणि त्यांनी ठरवून चूक सांगितलं, तर मुलंही चुकायला लागली. आणि मुलांच्या चुकीच्या उत्तरांपैकी ७४ टक्के हुबेहूब रोबोटचंच उत्तर. मोठी माणसं रोबोटच्या दबावाला बळी पडली नाहीत, मुलं पडली. डोळ्यासमोर रेघ दिसत असताना! मग "तू जाडी आहेस का" या प्रश्नावर मशीन काय म्हणतंय याचं वजन किती असेल?

पिंपळे_निलखची_आई

हे वाचून मी परत टॅब उघडला. मुलीला विचारून यावेळी. त्या चॅटने तिला ढब्बूवर काय उत्तर दिलं होतं माहितीये? आधी छान समजूत काढली होती, तुझ्या भावना समजू शकतो वगैरे. आणि मग वजन कमी करायच्या पाच टिप्स. अकरा वर्षांच्या मुलीला. सर चुकीचे आहेत हे एकदाही म्हटलं नाही. मला तेव्हा हे दिसलंच नव्हतं, मी फक्त "मम्माला सांगू नको" एवढ्यावर अडकले होते.

तरीही माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. ती तिथे बोलली. इतर कुठेही नाही बोलली.

करदाता_७५

पाच टिप्स. वा.

आण्णा_निवृत्त_मुख्याध्यापक

आमच्या काळी समुपदेशक नव्हते आणि मुले ठणठणीत होती, अशी प्रतिक्रिया मी देणार होतो. खोडली. १९९१ साली माझ्या वर्गातील एका मुलाने विहिरीत उडी घेतली. वाचला. आदल्या दिवशी तो दोनदा माझ्या टेबलाशी आला होता व दोनदा मी हजेरीची बेरीज करीत होतो. तिसऱ्यांदा आला नाही. बेरीज मात्र बरोबर आली होती.

रोबोट असता तर काय झाले असते हे मला सांगता येणार नाही.

चहाबिस्कीट

आण्णा 🙏

कोडगा_कोडर

एक कबुली देऊन टाकतो कारण आता लपवण्यात अर्थ नाही. मी दीड वर्ष अशाच एका कंपनीत होतो, नाव सांगणार नाही. शाळांना डेमो द्यायचो. शाळेचं वायफाय कधीच चालायचं नाही म्हणून माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रोबोट चालायचा आणि मी त्याच्यापासून दहा फुटांच्या आत उभा राहायचो, हसत. मुलं पहिल्या दिवशी वेडी व्हायची, महिन्याने गेलो की रोबोट रिसेप्शनला, गळ्यात वाढदिवसाची पट्टी. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, जपानमध्ये रोबोव्ही म्हणून एक रोबोट प्राथमिक शाळेत दोनेक आठवडे ठेवला होता, २००४ मध्ये छापून आलंय, पहिल्या आठवड्यात झुंबड आणि दुसऱ्या आठवड्यात बहुतेक मुलं फिरकेनाशी झाली. जी टिकली ती त्याला मित्र मानणारी मोजकी.

पण ते मोजके लक्षात राहतात हो. एका शाळेत एक मुलगी होती, प्रत्येक वेळी मी सामान आवरत असताना यायची आणि रोबोटला विचारायची, "तू उद्या येणार का?" त्यात उत्तर फीड केलेलं होतं, "हो, मी नेहमी तुझ्यासोबत आहे." मीच टाईप केलेलं. आणि दहा मिनिटांनी मी त्याला डिकीत घालायचो. तुम्ही लोकांनी आज ते आठवायला लावलंत, थँक्यू फॉर नथिंग.

विदर्भाची_तूर

अन् पैसे किती लागते एका रोबोटले?

कोडगा_कोडर

रेट नाही सांगत. बाईचा काही महिन्यांचा पगार निघेल एवढे नक्की. वर दरवर्षीचं मेंटेनन्स.

ऐकणारी

आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा. माझ्या तिन्ही शाळांचे मिळून साडेचार हजार आहेत आणि मी एक. रोबोटची फाईल मात्र तिन्हीकडे फिरतेय. त्यात "चेहऱ्यावरून भावना ओळखतो" असंही लिहिलंय, जे युरोपात शाळांमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून बंद केलंय, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. आपल्याकडे २०२३ चा डेटा कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. ती संमती अॅडमिशन फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असेल, बघा सापडते का.

पिंपळे_निलखची_आई

सापडली. नववा मुद्दा. मी सही केलीय. आणि फीच्या पावतीवर "वेलनेस अॅक्टिव्हिटी" म्हणून साडेतीन हजार आहेत, आता कळतंय कशाचे. शनिवारी पीटीएम म्हणजे पालकसभा आहे. किल्लीचं विचारते.

खडू_डस्टर

विचारा ताई. मी पण पोस्टमध्ये जरा जास्तच तावातावानं लिहिलं. आमच्यातल्या चार अंगठ्यांचा राग होता. त्यातला एक अंगठा माझ्याच सहकाऱ्याचा आहे, त्याला विचारलं का रे बाबा, तर म्हणाला, "मी वाचलंच नाही, बीएलओच्या घाईत होतो."

करदाता_७५

त्या खिचडीवाल्या पोरीचं पुढे काय झालं? सांगितलं नाहीत.

खडू_डस्टर

आजीला भेटलो. मग सरपंचबाईंना घेऊन घरी गेलो, बाप आधी अंगावर आला. अजून सुटलेलं नाही सगळं. ती अजून ताट शेवटीच धुते, मी पण डबा तेव्हाच धुतो. जास्त काही बोलत नाही ती. परवा म्हणाली, गुरुजी तुमचा डबा नीट निघत नाही, राख लावा.

पिंपळे_निलखची_आई

(शनिवार संध्याकाळ) विचारून आले. मुलं जे बोलतील ते कोण ऐकणार विचारलं. को-ऑर्डिनेटर म्हणाल्या कंपनीची टीम. कुठे बसते टीम विचारलं, तर म्हणाल्या "मॅम, क्लाउड". नाव-नंबर मागितला तर फ्लायर दिला, त्यावर रोबोटचा हसरा फोटो आणि टोल फ्री नंबर. तिथूनच लावला. एक दाबा, दोन दाबा करत आठ मिनिटं गाणं ऐकलं. समुपदेशक कोण विचारलं तर कळलं की आहेत एक, आठवड्यातून एकदा येतात, पेपरच्या गठ्ठ्यांच्या खोलीत बसतात. दार काचेचं आहे.

ऐकणारी

त्या काचेवर आतून चार्टपेपर चिकटवायला सांगा त्यांना. मी तेच केलं.

चहाबिस्कीट

बीएलओचा वेगळा धागा निघाला का शेवटी? लिंक द्या कुणीतरी.